एकच प्रसंग, दोन भावंडं, दोन आठवणी

ताई म्हणते, "तू जिन्यावरून पडलास तेव्हा बाबा घरीच होते. त्यांनीच तुला उचललं." भाऊ म्हणतो, "बाबा नव्हतेच गं. मी कितीतरी वेळ एकटाच रडत होतो." दोघंही शपथेवर सांगायला तयार. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही, तरी दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं अवघड आहे.

लहानपणीच्या गोष्टी निघाल्या की असं हमखास होतं. आठवण सुखाची असेल तर थोडी थट्टा होऊन विषय मिटतो. दुखरी असेल तर "तसं काही नव्हतंच" एवढ्या एका वाक्याने तो विषय पुढची कित्येक वर्षं बंद होऊ शकतो. म्हणून आठवण साठते कशी, सांगताना तिचं काय होतं आणि ऐकणाऱ्याच्या हातात किती असतं, हे सगळं नीट समजून घ्यायला हवं.

## आठवण गोधडीसारखी शिवली जाते

मेंदूत प्रसंगाचं चित्रण जसंच्या तसं साठत नाही. दिसलं ते एकीकडे जातं, ऐकलं ते दुसरीकडे, तेव्हा वाटलेली भीती किंवा आनंद तिसरीकडे. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशी जोडायचा याचा हिशेब मेंदूच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ठेवतो. आपण आठवायला बसतो तेव्हा हे तुकडे पुन्हा एकत्र शिवले जातात. एखादा तुकडा सापडला नाही तरी तिथे भोक राहत नाही. मेंदू दुसरीकडचा जुळता तुकडा लावून टाकतो: फोटोतला, दुसऱ्याच दिवशीचा, आईच्या बोलण्यातून कानावर आलेला. शिवण इतकी बेमालूम असते की शिवणाऱ्यालाही ठिगळ ओळखू येत नाही.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली हे दाखवून दिलं. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी गोष्ट आखूड होत गेली आणि सांगणाऱ्यांच्या ओळखीची होत गेली. सील या समुद्री प्राण्याची शिकार निघून गेली, तिच्या जागी मासेमारी आली. लोक मुद्दाम बदल करत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कळायला २००० साल उजाडलं. करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एका ठरावीक आवाजाची भीती शिकवली. ती भीती पक्की झाल्यावर त्यांनी तोच आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात एक औषध टोचलं. या औषधाने तिथे नवी प्रथिनं बनणं थांबतं. नंतर उंदरांची भीती जवळजवळ गेली. आवाज न ऐकवता औषध दिलं तेव्हा भीती कायम राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवणसुद्धा बाहेर काढली की काही काळ सैल होते आणि मग पुन्हा पक्की होते. माणसांत हे नेमकं कधी आणि किती घडतं यावर अजून वाद आहेत. पण गोधडी बाहेर काढली की टाके सैल होतात आणि ठेवताना पुन्हा घातले जातात, ही कल्पना पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे. टाके सैल असताना शेजारी कोण बसलंय आणि ते काय म्हणतंय, त्याचाही धागा त्या शिवणीत जातो.

## अगदी लहानपणचं का आठवत नाही?

बहुतेक मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं काही आठवत नाही, याला बालविस्मरण म्हणतात. त्या वयात आठवणी तयारच होत नाहीत, असं मात्र नाही. पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना यांच्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी आपल्या पालकांशी मारलेल्या गप्पा नोंदवून ठेवल्या होत्या. पुढे त्याच मुलांना त्याच प्रसंगांबद्दल विचारलं, कुणाला पाचव्या वर्षी, कुणाला नवव्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुमारे ३५ टक्केच. आठवणी होत्या, शाळेच्या पहिल्या काही वर्षांत त्या गळून गेल्या.

एक कारण म्हणजे त्या वयात हिप्पोकॅम्पस अजून घडत असतो. दुसरं म्हणजे प्रसंग धरून ठेवायला लागणारे शब्द अजून पुरेसे नसतात. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: घरात त्या प्रसंगांबद्दल किती बोललं जातं. न्यूझीलंडमधल्या २००० सालच्या एका अभ्यासात माओरी समाजातल्या मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणी सरासरी तीन वर्षांच्या आतल्या निघाल्या, इतर गटांपेक्षा लवकरच्या. माओरींमध्ये घडून गेलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा, तपशिलाने सांगण्याला फार मान आहे, आणि संशोधक या फरकाचा संबंध त्याच्याशी जोडतात.

## मग भावंडांची आठवण वेगळी का?

जिन्याकडे परत येऊ. समजा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता आणि ताई नऊ वर्षांची. चार वर्षांच्या मुलाला मिनिटं मोजता येत नाहीत. रडणाऱ्या मुलाची दोन मिनिटंही फार लांब असतात. ताई वरच्या पायरीवर उभी, भाऊ खाली, तोंड भिंतीकडे. बाबा आतल्या खोलीतून आले, हे तिला दिसलं. त्याला दिसल्या त्या फक्त पायऱ्या. नंतर ताईने ही गोष्ट वीस वेळा सांगितली, दर वेळी बाबा थोडे लवकर पोचले. भावाने ती कधीच कुणाला सांगितली नाही, त्यामुळे त्याच्या शिवणीत दुसऱ्या कुणाचा धागा गेला नाही, आणि त्या दिवसाची भीती तिच्यात तशीच राहिली.

कधीकधी तर आठवण कुणाची यावरच भांडण होतं. जुळ्या भावंडांवरच्या २००१ सालच्या एका अभ्यासात अनेक जोड्यांमध्ये दोघंही छातीठोकपणे सांगत होते, "हे माझ्या बाबतीत घडलं." शाळेत शिक्षा झाली एकाला, आणि ती आठवते दोघांना.

बालमनाचे थोर अभ्यासक जाँ पियाजे यांनी स्वतःचंच उदाहरण नोंदवून ठेवलंय. आपण दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या रस्त्यावर कुणीतरी आपल्याला बाबागाडीतून पळवायचा प्रयत्न केला, दाईने प्रतिकार केला, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, आखूड झगा घातलेला पोलीस पांढरा दंडुका घेऊन धावत आला, हे सगळं त्यांना स्पष्ट दिसायचं. ते साधारण १५ वर्षांचे असताना त्या दाईचं पत्र आलं: ती सगळी गोष्ट मी रचली होती, बक्षीस म्हणून मिळालेलं घड्याळ परत करते. लहानपणी ही हकीकत ऐकता ऐकता त्यांच्या मनात तिचं चित्र तयार झालं होतं आणि पुढे तेच आठवण म्हणून राहिलं.

## म्हणजे आठवणींवर विश्वासच ठेवायचा नाही का?

हा आक्षेप इथे येतोच, आणि त्याचा गैरवापरही होतो. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन खरे, नातेवाइकांनी सांगितलेले. चौथा, बाजारात हरवल्याचा, बनावट. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांनी तो खोटा प्रसंग पूर्ण किंवा अर्धवट "आठवला". याचा अर्थ असा की घरच्या विश्वासातल्या माणसाने ठासून सांगितलेली गोष्ट डोक्यात घर करू शकते. पण याच आकड्यात हेही आहे की बहुतेकांनी ती मानली नाही.

साधारण नियम सांगायचा तर सांगाडा टिकतो, तपशील हलतात. पडलो, लागलं, घाबरलो हे सहसा खरं. कोणता वार, कोणता सदरा, कोण आधी धावलं हे कच्चं. जे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घडलं, उदाहरणार्थ रोजचं ओरडणं किंवा मारहाण, तिथे एखादा ठरावीक दिवस नीट आठवला नाही तरी "असं व्हायचं" ही आठवण त्याने खोटी ठरत नाही. "तारीख सांग, नाहीतर तू बनवतोयस" हा युक्तिवाद म्हणूनच चुकीचा आहे. चित्र किती स्पष्ट दिसतं किंवा आपल्याला किती खात्री वाटते, यावरून आठवणीचा खरेपणा ठरत नाही. ते ठरवायचंच असेल तर फोटोमागची तारीख, जुनी पत्रं, दवाखान्याची कागदपत्रं, तिसऱ्या माणसाची स्वतंत्र आठवण यांचा आधार घ्या.

घरगुती गप्पांमध्ये बहुतेक वेळा निकाल लावायची गरजच नसते. "बाबा होते की नव्हते" हा एक प्रश्न झाला. "त्याला एकटं वाटलं" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सापडलं नाही तरी दुसरा खरा असू शकतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकलं की अर्धी भांडणं कमी होतात.

## सुखाच्या आठवणी: काय विचारायचं?

लहान मुलाशी बोलताना दोन पद्धती असतात. पहिली परीक्षेची: "काल आपण कुठे गेलो होतो? कुणाला भेटलो? नाव काय त्यांचं?" मूल एकेका शब्दात उत्तरं देतं आणि कंटाळतं. दुसरी भर घालण्याची: "काल पाऊस आला आणि आपण पळत सुटलो. तुझी चप्पल चिखलात रुतली! मग काय झालं गं?" मुलीने "हसली" म्हटलं की आपण पुढे न्यायचं: "हो, मी हसले. तुला तेव्हा काय वाटलं? रडू आलं होतं ना थोडं?" थोडा तपशील आपला, मग एक मोकळा प्रश्न, मग तिने दिलेल्या शब्दाला धरून पुढची भर, आणि मध्ये भावनेचं नाव. रॉबिन फिवुश, इलेन रीझ यांच्यासारख्या संशोधकांनी अनेक वर्षं हे तपासलंय: अशा गप्पा ऐकत वाढलेली मुलं स्वतःच्या गोष्टी जास्त भरीवपणे सांगतात. दिवसातून पाच-दहा मिनिटं पुरतात. मूल उठून गेलं तर जाऊ द्यावं.

वयस्कर माणसांना "तुमचं लहानपण कसं होतं?" असं विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला "चांगलं होतं" यापलीकडे उत्तर येत नाही. जागा धरून विचारा: "तुम्ही झोपायचात ती खोली सांगा. दार कुठे, खिडकी कुठे, शेजारी कोण झोपायचं?" हाताने कागदावर घराचा नकाशा काढायला सांगितला तर आणखी उत्तम. स्वयंपाकघर काढता काढता तिथली माणसं आपोआप येतात. वासही कामी येतो. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांकडे फार जवळून जाते, आणि वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. जुनी पेटी उघडली, ठरावीक साबण हातात घेतला की बोलणं सुरू होतं.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर कापडावर ठेवा, पंखा बंद करा, आणि ४० मिनिटांच्या आत थांबा. सुरुवातीलाच तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि वय मोठ्याने म्हणा. दहा वर्षांनी फाइलचं नाव कुणाला समजत नाही. मध्ये ते गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. सगळ्यांत चांगला तपशील बऱ्याचदा त्या शांततेनंतर येतो.

## दुखरी आठवण: सांगितल्याने मोकळं होतं का?

"बोलून टाक, मोकळं वाटेल" हे अर्धंच खरं आहे. बेल्जियममधले बर्नार्ड रिमे यांनी माणसं आपल्या भावना एकमेकांना कशा सांगतात याचा दीर्घ अभ्यास केला. नुसतं सांगितल्याने जवळीक वाढते आणि बरं वाटतं, पण मूळ भावनेची धार तेवढ्याने बोथट होत नाही. ती कमी होते ती त्या प्रसंगाकडे थोडं वेगळ्या जागेवरून पाहता आलं तर. "मी मूर्ख होतो" याचं "मी सात वर्षांचा होतो" झालं तर. उलट दोन मैत्रिणी रोज तीच जखम त्याच शब्दांत उगाळत राहिल्या तर मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. अमांडा रोझ यांनी मुलामुलींच्या मैत्रीत हे २००२ मध्ये नोंदवलं. ओळखायची खूण सोपी आहे: गेल्या पाच वेळांत गोष्टीत एकही नवा शब्द आलेला नसेल, तर ते सांगणं राहिलेलं नाही, फेऱ्या मारणं सुरू आहे.

सांगायला माणूस नसेल तर कागद आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, सर्वांत त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. फक्त घटना लिहिणाऱ्यांना तो फायदा दिसला नाही. नंतरच्या शेकडो अभ्यासांत सरासरी फायदा छोटाच निघाला, पण पद्धत फुकट आणि सोपी आहे. गजर लावा. शुद्धलेखन, अक्षर विसरा. "कारण", "म्हणून", "आता कळतं" असे शब्द यायला लागले तर येऊ द्या. लिहून झाल्यावर लगेच मन जड होतं, हे त्या अभ्यासातही दिसलं होतं. म्हणून झोपायच्या आधी किंवा कामाला निघताना लिहू नका. लिहिताना हात थरथरायला लागला, श्वास लागला, तर तिथेच थांबा आणि विषय बदला. कागद फाडला तरी चालतो.

नुकत्याच घडलेल्या आघाताबद्दल कुणालाही लगेच बोलायला भाग पाडू नये. घटनेनंतर एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी प्रचलित होती. तपासणीत तिचा उपयोग दिसला नाही, काहींना त्रासच वाढला, आणि आता ती शिफारस केली जात नाही.

## कुणाला, कधी, किती?

आधी छोटा तुकडा द्या. "शाळेत मला एकदा फार वाईट शिक्षा झाली होती" एवढंच. समोरचा काय करतो बघा. फोन खाली ठेवला, "मग?" म्हणाला, तर पुढे जा. लगेच स्वतःची गोष्ट सुरू केली किंवा हसून उडवलं, तर हा माणूस या गोष्टीसाठी नाही. नातं तोडायची गरज नाही, फक्त ही गोष्ट त्याला सांगू नका.

बोलण्याआधी काय हवंय तेही सांगा: "सल्ला नको, फक्त ऐक. अर्धा तास आहे का तुझ्याकडे?" गाडी चालवताना, पाहुण्यांत, मध्यरात्रीच्या भांडणात ही वेळ निवडू नये. ज्याने दुखावलं त्यालाच सांगायचं असेल तर तो वेगळा प्रसंग आहे. तिथे कबुली मिळेलच असं धरून गेलात तर दुसऱ्यांदा जखम होते. जाण्याआधी स्वतःला विचारा: तो "मला आठवत नाही" म्हणाला तर मी त्या संध्याकाळी कुणाकडे जाणार? उत्तर नसेल तर अजून थांबा.

लिहून सगळ्यांसमोर मांडायची असेल तर त्या गोष्टीतली बाकीची माणसं आठवा. आईच्या आजारपणाची गोष्ट आईचीही आहे. ती हयात असेल तर तिला आधी विचारा.

## ऐकणाऱ्याचं पहिलं वाक्य

"झालं गेलं गंगेला मिळालं." "अगं, त्यांचाही नाइलाज होता." "आमच्या वेळी तर याहून वाईट होतं." ही वाक्यं चांगल्या मनाने म्हटली जातात आणि दार बंद करतात. त्याऐवजी "हे तू इतकी वर्षं एकटीने वागवलंस" किंवा नुसतं "सांग, मी ऐकतोय." समजावणं, दुसरी बाजू दाखवणं याला जागा आहे, पण ती नंतर. आधी सोबत, मग अर्थ. "का" ऐवजी "मग काय झालं" विचारा. "का गेलास तिथे" हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या कानाला चौकशी वाटतो, सांगणाऱ्याच्या कानाला आरोप.

समोर लहान मूल असेल आणि ते कुणाच्या तरी वाईट वागण्याबद्दल सांगत असेल तर नियम आणखी कडक आहेत. तोंडात शब्द घालू नका. "त्याने तुला हात लावला ना?" असं न विचारता "पुढे सांग" म्हणा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुला सुरक्षित ठेवायला मला आणखी एका मोठ्या माणसाची मदत लागेल" असं सांगा. तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका. आठवण दर वेळी सैल होते, आणि मुलाची शिवण मोठ्यांच्या प्रश्नांनी फार चटकन बदलते.

## "जुनं उकरून काय मिळतं?"

ज्यांना बोलायचं नाही त्यांना न बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. काळाबरोबर दुःखाच्या आठवणींची धार आनंदाच्या आठवणींपेक्षा लवकर कमी होते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. ज्याची जखम भरली आहे त्याची खपली काढायचं कारण नाही.

पण काही आठवणी भरत नाहीत. त्या आठवल्यासारख्या वाटतच नाहीत, आत्ता घडतायत अशा वाटतात: छाती धडधडते, घाम फुटतो, तोच वास येतो. दुःस्वप्नं पडतात, काही जागा, काही माणसं टाळावीच लागतात. हे महिन्याहून जास्त चाललं आणि काम, झोप, नाती बिघडायला लागली, तर हा विषय घरच्या गप्पांचा नाही, मानसोपचारतज्ज्ञाचा आहे. आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर पद्धत, दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. तिथेही आठवण बाहेर काढतातच, पण वेग ठरवून, आणि मध्येच थांबता येईल अशा बेताने.

जिन्याच्या गोष्टीसाठी एवढं काही लागत नाही. एक वही घ्यायची. एका पानावर ताईने लिहायचं, समोरच्या पानावर भावाने, एकमेकांचं न वाचता, कारण आधी वाचलं तर तुकडे मिसळतात. खाली तारीख आणि तेव्हाचं वय. मग वाचून दाखवायचं. भावाने "मी कितीतरी वेळ एकटाच होतो" वाचलं की ताईने एवढंच विचारायचं: "खाली बसून तुला काय दिसत होतं?"